अंजीर: उकलून बघण्यापासून सुकवण्यापर्यंत, आणि पोषणाचा खरा हिशेब

सुकं अंजीर अख्खं तोंडात टाकू नका. आधी दोन्ही अंगठ्यांनी ते देठापासून बुडापर्यंत उकलून बघा. अंजीर चांगलं असेल तर आत मधाच्या रंगाचा, किंचित ओलसर, चिकट गर दिसतो आणि त्यात बारीक पिवळ्या बियांची दाटी असते. वास गोडसर येतो, थोडासा गुळाकडे झुकणारा. काही वर्षांपूर्वी रात्री भिजवायला काढलेलं एक मोठं, बाहेरून अगदी देखणं अंजीर मी सहज उकललं, तर आत काजळीसारखी काळी भुकटी भरलेली. बोटांना लागली, पुसली तरी रेषांमध्ये अडकून राहिली. ती बुरशी होती आणि सालीवर तिचा मागमूसही नव्हता. त्या दिवसापासून न उकललेलं अंजीर मी पाण्यात टाकत नाही.

अंजिराबद्दल लोक विचारतात ते प्रश्न ठरलेले आहेत. रोज किती खायची? भिजवून की तशीच? रक्त वाढतं का? या प्रश्नांमागे अंजीर म्हणजे गोळी आहे, सकाळी दोन घेतल्या की काम झालं, असा एक समज असतो. मला हा समज अंजिरावर अन्याय करणारा वाटतो. अंजीर हे फार जुनं, पोट भरणारं, टिकाऊ अन्न आहे आणि त्याचे गुण अन्नाच्या मापानेच कळतात. म्हणून इथे आकडे दिले आहेत, त्यांचा अर्थ दिला आहे आणि ते हाताळायचं कसं हेही दिलं आहे.

फळ म्हणतो ते मुळात फूल

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. उंबराला फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. अंजीर उंबराच्याच कुळातलं. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर हे सगळे ‘फायकस’ वंशातले वृक्ष. अंजिराचं शास्त्रीय नाव फायकस कॅरिका. त्यातलं ‘कॅरिका’ हे आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या कॅरिया या प्राचीन प्रदेशावरून आलं. आपण ज्याला अंजिराचं फळ म्हणतो, ती खरं तर आतल्या बाजूला वळलेली मांसल पिशवी आहे. तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं लागलेली असतात. दाताखाली कुरकुरतात त्या ‘बिया’ म्हणजे त्या फुलांची इवली फळं. बुडाशी एक बारीक छिद्र असतं, आत जायला तेवढाच रस्ता.

त्या रस्त्याने एक चिलटाएवढी गांधीलमाशी आत जाते आणि तिथूनच ‘अंजीर शाकाहारी का?’ हा प्रश्न सुरू होतो. त्याचं उत्तर जातीवर अवलंबून आहे. अंजिराच्या बऱ्याच लागवडीच्या जाती परागीभवनाशिवायच फळ धरतात. त्यांना गांधीलमाशीची गरजच नसते. स्मर्ना गटातल्या जातींना मात्र ती लागते. जंगली नर झाडाच्या अंजिरात वाढलेली मादी पराग घेऊन या जातीच्या अंजिरात शिरते, तिथे तिला अंडी घालता येत नाहीत आणि ती आतच मरते. फळातला एक एन्झाइम तिच्या देहाचं विघटन करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्मर्नाची झाडं कॅलिफोर्नियात नेली, तेव्हा झाडं वाढली पण फळं टिकेनात. १८९९ मध्ये ही गांधीलमाशी तिथे यशस्वीपणे रुजवली आणि मग बागा फळल्या. ज्यांना धार्मिक कारणाने ही गोष्ट महत्त्वाची वाटते, त्यांनी जात विचारून घ्यावी. दाताखाली येतं ते मात्र बी असतं, कीटक नव्हे. हे ठामपणे सांगतो, कारण या भीतीने अंजीर सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

परागीभवनाशिवाय फळणाऱ्या जातीचं नातं माणसाशी किती जुनं आहे, याचा पुरावा जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिल्गल इथे मिळाला. तिथे सापडलेली जळकी अंजिरं सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची निघाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी मांडलं की ही अंजिरं बी न रुजणाऱ्या जातीची आहेत, म्हणजे माणसाने फांद्या लावून ती वाढवली असणार. हे मत मान्य केलं तर अंजिराची लागवड गहू-जवाच्या शेतीच्याही आधीची ठरते.

आकड्यांचा हिशेब: पाणी गेलं, बाकी राहिलं

ताज्या आणि सुक्या अंजिराचे आकडे शेजारी ठेवले की बरेच गैरसमज आपोआप गळतात. हे दर १०० ग्रॅमचे सरासरी आकडे आहेत. जात आणि हवामानाप्रमाणे ते थोडे पुढेमागे होतात.

| घटक | ताजं | सुकं |
|---|---|---|
| पाणी | ७९ ग्रॅम | ३० ग्रॅम |
| ऊर्जा | ७४ किलोकॅलरी | २४९ किलोकॅलरी |
| साखर | १६ ग्रॅम | ४८ ग्रॅम |
| तंतू (चोथा) | २.९ ग्रॅम | ९.८ ग्रॅम |
| प्रथिनं | ०.८ ग्रॅम | ३.३ ग्रॅम |
| कॅल्शियम | ३५ मिग्रॅ | १६२ मिग्रॅ |
| लोह | ०.४ मिग्रॅ | २ मिग्रॅ |
| मॅग्नेशियम | १७ मिग्रॅ | ६८ मिग्रॅ |
| पोटॅशियम | २३२ मिग्रॅ | ६८० मिग्रॅ |
| क जीवनसत्त्व | २ मिग्रॅ | सुमारे १ मिग्रॅ |

ताज्या अंजिरात पाणी सोडून उरतो तो ऐवज २१ ग्रॅम, सुक्यात ७०. म्हणजे साधारण सव्वातीन किलो ताज्या अंजिरांचं एक किलो सुकं अंजीर होतं. आता ताज्याच्या तंतूंना ३.३ ने गुणा: साडेनऊ येतात. सुक्याचा आकडाही जवळपास तोच. सुकं अंजीर ‘जास्त पौष्टिक’ नाही, ते फक्त आटलेलं आहे. क जीवनसत्त्व तेवढं सुकवताना निघून जातं. ते ताज्यातही नावापुरतंच असतं, त्यामुळे त्याची हळहळ नको.

या तक्त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तंतूंचा आकडा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. २० ग्रॅमची तीन मोठी सुकी अंजिरं, म्हणजे ६० ग्रॅम, यातून जवळजवळ ६ ग्रॅम मिळतात. दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा, तोही चवीने खाऊन. पण त्याच तीन अंजिरांतून २९ ग्रॅम साखरही येते, म्हणजे सहा लहान चमचे. ही दोन्ही वाक्यं एकत्रच लक्षात ठेवायची.

लोह आणि कॅल्शियम

‘रक्त कमी आहे, अंजीर खा’ हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे. हिशेब करू. तीन मोठ्या सुक्या अंजिरांत लोह सव्वा मिलिग्रॅम. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीची रोजची गरज १८ मिलिग्रॅम धरली, तरी हे साधारण पंधराव्या भागाएवढंच भरतं. शिवाय वनस्पतीतलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं. माझ्या बहिणीचं हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं, तेव्हा तिने दोन महिने निष्ठेने अंजीर खाल्लं आणि गोळ्या कपाटात ठेवल्या. आकडा हलला नाही. मग गोळ्या सुरू केल्या, त्यांनी कोठा जड झाला आणि तिथे अंजीर कामाला आलं. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरलं आणि अंजिराने पोट साफ ठेवलं, म्हणून गोळ्या मध्येच सुटल्या नाहीत. रक्तक्षयात अंजिराची खरी जागा ही आहे, गोळीच्या शेजारची. अंजिरासोबत क जीवनसत्त्वाचं आंबट फळ खाल्लं तर जे काही लोह आहे ते जरा बरं शोषलं जातं. चहा-कॉफी लागलीच घेतली तर उलट होतं.

कॅल्शियमची गोष्ट थोडी वेगळी. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर सुक्या अंजिरात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम निघतं आणि हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. पण दूध आपण पेलाभर पितो आणि अंजिरं खातो दोन-तीन. तीन अंजिरांचे ९७ मिलिग्रॅम म्हणजे प्रौढाच्या रोजच्या हजारातले दहा टक्के. फळाकडून एवढं मिळणं कमी नव्हे. जे दूध घेत नाहीत त्यांनी अंजीर जरूर धरावं, फक्त सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

पोट साफ होतं ते कसं

बद्धकोष्ठतेवर अंजीर हा जगभरचा जुना उपाय आहे आणि या उपायाला पायाही पक्का आहे. गरातले विद्राव्य तंतू पाणी धरून मऊ लगदा करतात. साल आणि बियांचे न विरघळणारे तंतू मळाला आकारमान देतात. साखरही आतड्यात थोडं पाणी ओढून घेते. तिन्ही गोष्टींना पाणी लागतं. पाणी न पिता अंजीर वाढवलं तर गच्चपणाच वाढतो.

मात्रेबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी बद्धकोष्ठतेच्या ८० जणांवर चाचणी प्रसिद्ध केली. त्यात अंजिराचा लगदा रोज ३०० ग्रॅम, आठ आठवडे दिला आणि आतड्यातून मळ पुढे सरकायला लागणारा वेळ कमी झाला. मात्रा बघा: ३०० ग्रॅम लगदा, दोन महिने. एका रात्रीत दोन अंजिरांनी चमत्कार झाला नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पाश्चात्त्य देशांत मुलांना पिढ्यान्‌पिढ्या पाजलेलं ‘अंजिराचं सरबत’ मात्र सकाळपर्यंत हमखास काम करायचं, कारण त्यात सोनामुखी घातलेली असे. नाव अंजिराचं, पण जोर सोनामुखीचा. आजही पोट साफ होण्याच्या एखाद्या अंजीरयुक्त चूर्णाचा परिणाम फारच झटपट जाणवला, तर डबीवरच्या घटकांत सोनामुखी शोधा. ती रोज घेण्याची गोष्ट नाही.

भिजवायचं कसं, आणि भिजवल्याने काय होतं

१. मध्यम आकाराची दोन सुकी अंजिरं घ्या. पहिल्या आठवड्यात एकच. आतड्याला एकदम तंतू दिले की गुबारा धरतो.

२. उकलून बघा. काळी भुकटी, जाळी, अळी, कुबट वास यांतलं काहीही असेल तर अंजीर टाकून द्या. तेवढा भाग काढून उरलेलं खाऊ नका, बुरशीचं विष न दिसणाऱ्या भागातही पसरलेलं असू शकतं.

३. वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळून धुवा. सुकवताना बसलेली धूळ सालीच्या घड्यांत अडकते. देठाचा टणक तुकडा काढा.

४. अर्धी वाटी पिण्याच्या पाण्यात ६ ते ८ तास झाकून ठेवा. हवा गरम असेल तर फ्रिजमध्ये, नाहीतर पाणी आंबूस होतं. घाई असेल तेव्हा कोमट पाण्यात तासभर पुरतं.

५. अंजीर चावून खा आणि तेच पाणी प्या. वरून आणखी एक पेला साधं पाणी.

ते पाणी ओतून देऊ नका, कारण साखरेबरोबर पोटॅशियमचाही काही भाग त्यात उतरलेला असतो. ‘भिजवल्याने साखर कमी होते’ असं म्हणतात ते अंजिरापुरतं थोडंफार खरं. पण पाणी प्यायलात तर हिशेब तोच राहिला. भिजवण्याचा खरा फायदा म्हणजे साल मऊ होते, चावायला सोपं जातं आणि तंतू आधीच पाणी पिऊन तयार असतात. म्हाताऱ्या माणसांना, कवळी लावणाऱ्यांना हा फरक मोठा असतो. तुमचे दात शाबूत असतील आणि तुम्ही पाणी भरपूर पीत असाल, तर कोरडं अंजीर खाण्यात काहीही उणं नाही. वेळेचंही बंधन नाही. रिकाम्या पोटीच खायला हवं असा नियम मला तरी कुठल्या कारणाने पटलेला नाही.

कोणी जपून खावं

मधुमेह असलेल्यांना सुकं अंजीर पूर्ण वर्ज्य नाही, पण ते ‘ड्रायफ्रूट’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवू नये. एक मध्यम सुकं अंजीर म्हणजे साधारण ५ ते ८ ग्रॅम साखर. जेवणातलं दुसरं काहीतरी गोड किंवा पिष्टमय कमी करून ते बसवावं आणि नंतर साखर मोजून आपल्या शरीराचं उत्तर बघावं. ताजं अंजीर बरं पडतं, कारण पाण्यामुळे एकाच घासात कमी साखर जाते. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितलं असेल तर सुकं अंजीर डॉक्टरांना विचारूनच. ऑक्झलेटचे मूतखडे ज्यांना वारंवार होतात त्यांनीही प्रमाण कमी ठेवावं.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना अंजिराची भीती घातली जाते ती के जीवनसत्त्वामुळे. १०० ग्रॅम सुक्या अंजिरात ते १५-१६ मायक्रोग्रॅम असतं, तर तितक्याच पालकात ४८० च्या पुढे. रोज दोन अंजिरं खात असाल तर तशीच चालू ठेवा, एकदम मूठभर वाढवू नका, इतकंच. लॅटेक्सची, किंवा शोभेच्या फायकस झाडाची ॲलर्जी असलेल्यांना अंजिरानेही तोंडाला खाज, ओठांना सूज येऊ शकते. पहिल्या वेळी तसं झालं तर पुन्हा ‘थोडंसं खाऊन बघू’ म्हणू नका.

ताजं अंजीर ओळखणं

ताजं अंजीर झाडावरून काढल्यावर नीट पिकत नाही. कच्चं काढलं तर मऊ पडेल, पण गोड होणार नाही. म्हणून घरी नेऊन पिकवू या आशेने घट्ट अंजीर घेऊ नका. पिकलेलं अंजीर झाडावरच मान टाकतं. देठाजवळचा भाग लवतो, अंग जड आणि मऊ लागतं, सालीवर बारीक चिरा उमटतात, कधी बुडाच्या छिद्राशी पाकाचा थेंब जमतो. हा थेंब स्वच्छ आणि मधासारखा असेल तर अंजीर ऐन बहरात आहे. फेसाळ, आंबूस असेल तर आत आंबायला लागलंय. देठ मोडल्यावर पांढरा चीक वाहिला तर ते अजून कच्चं.

असं पिकलेलं अंजीर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच चांगलं राहतं. एकावर एक रचू नका, ताटलीत कागदावर एका थरात ठेवा आणि खायच्या वेळीच धुवा. अंजिराच्या या नाजूकपणाचा एका रोमन पुढाऱ्याने राजकारणात उपयोग करून घेतला होता. प्लूटार्क सांगतो, थोरल्या केटोने सिनेटमध्ये आफ्रिकेतली ताजी अंजिरं दाखवली आणि ज्या देशात ही पिकतात तो समुद्रमार्गे फक्त तीन दिवसांवर आहे, असं बजावलं. शत्रू कार्थेज किती जवळ आहे हे सभागृहाला कळायला ताज्या अंजिराइतका चोख पुरावा दुसरा नव्हता, कारण जुनं अंजीर तसं दिसूच शकत नाही.

सुकं घेताना

दाबून बघा. बोट किंचित रुतलं पाहिजे आणि साल तडकता कामा नये. दगडासारखं कडक म्हणजे जुनं. फार चिकट आणि ओलं म्हणजे बुरशीला आमंत्रण. चपटा किंवा गोल आकार हा बांधणीचा भाग आहे, त्यावरून प्रत ठरत नाही. रंग अगदी फिकट सोनेरी असेल तर बऱ्याचदा गंधकाची प्रक्रिया असते. वेष्टनावर सल्फर डायऑक्साइड किंवा ई२२० लिहिलेलं बघा, कारण दमा असलेल्या काही जणांना त्याने धाप लागते. साधं उन्हात वाळलेलं अंजीर तपकिरीकडे झुकतं आणि ते तसंच असावं.

सुक्या अंजिराचा खरा शत्रू अफ्लाटॉक्सिन, म्हणजे काही बुरशांचं यकृताला घातक असलेलं विष. ते डोळ्यांना दिसत नाही. सुक्या अंजिराच्या मोठ्या कारखान्यांत, विशेषतः तुर्कस्तानात, अंजिरं अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पट्ट्यावरून सोडतात आणि हिरवट पिवळी चमकणारी बाजूला काढतात. आपल्या हातात आहे ते एवढंच: सुटं, धूळ बसलेलं, मूळ कुठलं आणि कधीचं हे न सांगता येणारं अंजीर घेऊ नये. तारीख असलेलं बंद पाकीट घ्यावं, लहान घ्यावं आणि उघडल्यावर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावं.

दूध, चीक आणि फिसिन

ताजं अंजीर दुधात घुसळलं की कधी दूध फाटतं, कधी कडवट लागतं. कारण अंजिराच्या चिकात फिसिन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्या गांधीलमाशीचं विघटन करणारं तेच. ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. होमरच्या ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात जखम झटकन भरून आली याला अंजिराच्या रसाने दूध विरजल्याची उपमा दिली आहे, आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात मेंढपाळ चिकाने चीज लावत आले. दूध फाटू द्यायचं नसेल तर ताज्या अंजिराचे तुकडे आधी दोन-तीन मिनिटं उकळून घ्या, उष्णतेने फिसिन निकामी होतं. नाहीतर घुसळून लगेच प्या.

परंपरेतले उपयोग: काय ठेवावं, काय सोडावं

सगळ्यात जुना नोंदलेला उपयोग पोटिसाचा. बायबलमध्ये राजा हिज्कीयाच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधल्याचा उल्लेख आहे. पुढे अनेक देशांत सुकं अंजीर दुधात किंवा पाण्यात शिजवून, उकलून, कोमट असताना गळवावर किंवा हिरडीच्या सुजेवर धरत. उष्णता आणि ओलावा यांनी गळू पिकायला मदत होते, त्यात तथ्य आहे. पण तेवढं काम गरम पाण्याची स्वच्छ घडीही करते आणि ती साखर चिकटवत नाही. फुटलेल्या त्वचेवर अंजीर बांधू नका.

चामखिळीवर कच्च्या अंजिराचा चीक लावण्याची पद्धतही दूरवर पसरलेली. फिसिन त्वचेची प्रथिनं तोडतं, म्हणून परिणाम दिसतो. मात्र त्या चिकात आणि पानांत सोरॅलेन वर्गातली द्रव्यं असतात आणि ती लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड उठतात. मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. चामखीळ काढायला चीक वापरू नये, मुलांवर तर नाहीच. झाड छाटताना लांब बाह्या आणि हातमोजे घाला, अंगाला चीक लागला तर लगेच साबणाने धुवा.

आयुर्वेदाच्या परंपरेत अंजीर मधुर, थंड आणि पचायला जड मानलं आहे. यूनानी परंपरेत तेच गरम आणि ‘तर’, म्हणजे ओलसर. ‘अंजीर उष्ण की थंड?’ या घरोघरच्या वादात दोन्ही बाजू बरोबर असतात, फक्त शास्त्रं वेगळी. ‘पचायला जड’ हे मात्र अनुभवाशी जुळतं: जेवण झाल्यावर चार अंजिरं खाऊन बघितली की कळतं.

कमी माहीत असलेले दोन उपयोग सांगतो. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात सुकी अंजिरं भाजून, दळून कॉफीत मिसळतात, रंग गडद होतो आणि कडूपणा गोडसर होतो. आणि रोमन लोक हंसांना, डुकरांना अंजिरं चारून त्यांचं यकृत फुगवत. त्या ‘अंजीरलेल्या’ यकृताला लॅटिनमध्ये ‘फिकाटुम’ म्हणत, आणि त्यावरून यकृतासाठीचे इटालियन ‘फेगातो’ आणि फ्रेंच ‘फ्वा’ हे शब्द आले.

घरी सुकवायचं असेल तर

झाड असेल, किंवा एकदम बरीच पिकलेली अंजिरं हाती आली, तर सुकवणं हाच मार्ग. पूर्ण पिकलेली, पण न फुटलेली फळं घ्या. धुवून, पुसून उभी चिरा. अख्खी सुकवायची तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका. सालीला बारीक चिरा पडतात आणि आतलं पाणी बाहेर यायला वाट मिळते. ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंश सेल्सियसला अर्ध्या फोडींना साधारण १२ ते २४ तास लागतात, अख्ख्या फळांना त्याहून जास्त. तापमान वाढवून घाई केली तर वरची साल आवळते आणि आत ओल कोंडते. उन्हात वाळवायची तर कडक ऊन आणि कोरडी हवा हवी. जाळीवर, मलमलीने झाकून, संध्याकाळी घरात घ्यायची, रोज उलटायची. चार-पाच दिवस धरा. हवेत दमटपणा असेल तर हा नाद करू नका, दोन दिवसांत बुरशी धरते.

फोड दुमडली तर मोडू नये आणि दाबली तर रस सुटू नये, मग झालं. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. गार झालेल्या फोडी काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर ठेवा, रोज बरणी हलवा. कोरड्या फोडी ओलसर फोडींतली ओल ओढून घेतात आणि सगळ्या सारख्या होतात. काचेवर आतून वाफ दिसली तर पुन्हा सुकवायच्या. उन्हात वाळवलेल्या फोडींवर माश्या-पतंगांची अंडी असू शकतात, म्हणून त्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेवून मगच बरणीत भरा.

काही आठवड्यांनी बरणीतल्या अंजिरांवर पांढरा थर दिसेल आणि तुम्ही दचकाल. एक फोड काढून त्यावर कोमट पाण्याचा थेंब बोटाने चोळा. थर विरघळला, बोट चिकट झालं आणि चाटल्यावर गोड लागलं तर ती वर आलेली साखर आहे, मध साखरतो तशी. थर कापसासारखा तंतुमय असेल, पुसला जाऊन खाली हिरवट किंवा करडा डाग राहत असेल, वास कुबट येत असेल, तर चाटून बघायचं नाही. ती बरणी पूर्ण टाकायची.